बर्फाळ देशातील पंधरा हिवाळे : हान्स एगेदे

ग्रीनलंडची राजधानी नूक येथे जुन्या बंदरालगतच्या एका टेकडीवर पायघोळ झगा घातलेल्या एका धर्मोपदेशकाचा पुतळा उभा आहे. जून २०२० मध्ये, ग्रीनलंडच्या राष्ट्रीय दिनी, या पुतळ्यावर लाल रंग फासलेला आढळला. वसाहतवादाचे हे प्रतीक हटवावे, अशी मागणी त्यानंतर पुढे आली आणि नगरपालिकेने नागरिकांचा कौल घेतला. ९२१ जणांनी पुतळा राहू द्यावा असे मत दिले, तर ६०० जणांनी तो काढून टाकावा असे सांगितले. पुतळा जागेवर राहिला. त्यावरचा वाद मात्र मिटलेला नाही.

हा पुतळा हान्स एगेदे यांचा आहे. १७२१ मध्ये पत्नी आणि चार मुलांसह ते ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर उतरले आणि पंधरा हिवाळे तेथेच राहिले. ज्यांच्या शोधासाठी ते निघाले होते ती माणसे त्यांना कधीच भेटली नाहीत. जी भेटली त्यांची भाषा ते शिकले, त्यांच्या घरांत राहिले, त्यांच्या श्रद्धांवर त्यांनी घाव घातले आणि त्यांच्या आजारपणात सेवाही केली. ग्रीनलंडमध्ये त्यांच्याविषयी आजही दोन मते का आहेत, याचे उत्तर या पंधरा हिवाळ्यांत सापडते.

लोफोटेनचा पाद्री

एगेदे यांचा जन्म ३१ जानेवारी १६८६ रोजी उत्तर नॉर्वेतील हार्स्टा येथे झाला. नॉर्वे आणि डेन्मार्क त्या काळी एकाच राजाच्या अमलाखाली होते. कोपनहेगन येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन १७०७ मध्ये ते लोफोटेन बेटांवरील वोगन येथे पाद्री म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी गर्ट्रूड रास्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गर्ट्रूड त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठ्या होत्या.

लोफोटेन हा कोळ्यांचा मुलूख. हिवाळ्यात कॉड मासळीचा हंगाम असे आणि पाद्र्याचे आयुष्य त्या हंगामाच्या गतीनेच चाले. हे जीवन खडतर असले तरी स्थिर होते. पण तरुण एगेदे यांच्या मनात एका जुन्या कथेने घर केले. एरिक द रेड याच्या नेतृत्वाखाली इ. स. ९८५ च्या सुमारास नॉर्स लोकांनी ग्रीनलंडमध्ये वस्ती केली होती. तेथे चर्च होती, शेतवाड्या होत्या, बिशपही होता. १४०८ मध्ये ह्वाल्सी येथील चर्चमध्ये झालेल्या एका विवाहाची नोंद सापडते. त्यानंतर मात्र या वस्तीविषयीच्या लेखी नोंदी थांबतात. पंधराव्या शतकात ती माणसे नाहीशी झाली.

एगेदे यांना वाटले, त्यांचे वंशज अजून तेथे असतील. युरोपात धर्मसुधारणेची चळवळ होण्यापूर्वीच त्यांचा संबंध तुटला होता. म्हणजे ते जुन्या कॅथलिक आचारांत राहिले असतील, किंवा ख्रिस्ती धर्म पार विसरूनही गेले असतील. आपल्याच रक्ताच्या या माणसांची चौकशी करणारे कोणी नाही, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. १७१० मध्ये त्यांनी बर्गन आणि ट्रॉनहाइम येथील बिशपांना विनंतीपत्रे धाडली. आप्तेष्टांनी या वेडाला विरोध केला. प्रारंभी गर्ट्रूडही तयार नव्हत्या. पुढे त्यांचे मत पालटले आणि त्यानंतर त्या कधी डगमगल्या नाहीत. १७१८ मध्ये एगेदे यांनी नोकरी सोडली आणि कुटुंबासह बर्गन गाठले.

त्या काळी डेन्मार्क-नॉर्वे युद्धात गुंतलेले होते. व्यापाऱ्यांना ग्रीनलंडच्या धाडसात पैसा गुंतवणे धोक्याचे वाटत होते. देवमाशांच्या शिकारीतून आणि चरबीच्या व्यापारातून नफा मिळेल या आशेवर अखेर बर्गनमध्ये एक कंपनी स्थापन झाली. धर्मकार्याला व्यापाराचा टेकू घ्यावा लागला आणि ही जोडी पुढे एगेदे यांना अखेरपर्यंत सांभाळावी लागली.

कोपनहेगनहून तरंगमबाडीपर्यंत

या मोहिमेला आश्रय देणारा राजा चौथा फ्रेडरिक याचा भारताशीही संबंध होता. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी, म्हणजे त्यावेळचे ट्रांकेबार, हे ठाणे १६२० पासून डेन्मार्ककडे होते. याच राजाने पाठवलेले बार्थोलोमेयस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लूत्शाऊ हे दोन जर्मन धर्मोपदेशक जुलै १७०६ मध्ये तेथे उतरले. त्यावेळी सभोवतालच्या तंजावर राज्यात भोसले घराण्यातील शहाजी राजे गादीवर होते. झिगेनबाल्ग यांनी तमिळ भाषा आत्मसात केली, छापखाना उभारला आणि १७१५ पर्यंत नव्या कराराचा तमिळ अनुवाद छापून काढला.

या कामावर देखरेख ठेवण्यासाठी राजाने १७१४ मध्ये कोपनहेगन येथे एक मिशन मंडळ नेमले होते. पुढे एगेदे यांचे काम याच मंडळाकडे आले. कावेरीच्या मुखाजवळच्या उष्ण किनाऱ्यावरून आलेली पत्रे आणि ग्रीनलंडच्या हिमकड्यांतून आलेली पत्रे एकाच कार्यालयात उघडली जात. स्थानिक माणसाला त्याच्याच भाषेत धर्म सांगायचा, हे सूत्रही दोन्हीकडे समान होते. फरक एवढाच की, तमिळला दोन हजार वर्षांच्या ग्रंथांची परंपरा होती, तर ग्रीनलंडच्या भाषेत तोवर एकही ओळ लिहिली गेली नव्हती.

पहिला हिवाळा

मे १७२१ मध्ये बर्गनहून जहाजे निघाली. मुख्य जहाजाच्या डॅनिश नावाचा अर्थ आशा असा होता. एगेदे कुटुंबाबरोबर सुमारे ४० माणसे होती. किनाऱ्यालगतच्या बर्फातून वाट काढण्यात कित्येक दिवस गेले. ३ जुलै रोजी ही मंडळी आजच्या नूकजवळच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका बेटावर उतरली. दगड आणि मुळांसकट कापलेली गवताळ माती रचून त्यांनी घर बांधले व आतून फळ्या ठोकल्या. पाद्री, व्यापारी आणि खलाशी एकाच छपराखाली राहू लागले.

किनाऱ्यावर भेटलेल्या लोकांमध्ये सोनेरी केसांचे नॉर्स कोणी नव्हते. हे होते कलाल्लित, म्हणजे ग्रीनलंडचे इनुइट. सील आणि देवमाशाच्या शिकारीवर जगणारे, कातड्याचे कपडे घालणारे हे लोक डच खलाशांना ओळखत होते. डच जहाजे उन्हाळ्यात येत, व्यापार करत आणि निघून जात. हे नवे पाहुणे मात्र घर बांधत होते. स्त्रिया आणि मुलेही बरोबर आणलेली पाहून हे लोक आता जाणार नाहीत, हे इनुइटांच्या ध्यानात आले. त्यांना भीती वाटली आणि त्यांच्या अंगाक्कोकांनी, म्हणजे मांत्रिकांनी, या पाहुण्यांना पळवून लावण्यासाठी मंत्रप्रयोगही करून पाहिले.

मग हिवाळा आला. नूक परिसर आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे सूर्य पूर्णपणे नाहीसा होत नाही. परंतु डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम चार तासांचा असतो. एगेदे यांचे लोफोटेन याहून उत्तरेला आहे आणि तेथे सूर्य काही आठवडे उगवतच नाही. तरीही उष्ण सागरी प्रवाहामुळे तेथील हवा तुलनेने सौम्य असते. ग्रीनलंडमध्ये अंधार कमी असला तरी थंडी कितीतरी अधिक होती. झाडे नव्हती. खुरटी झुडपे, वाळलेली माती आणि समुद्राने वाहून आणलेले ओंडके हेच सरपण. एगेदे यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे की, ६८ व्या अक्षांशापलीकडे विस्तवाजवळ ठेवलेली ब्रँडीदेखील गोठते.

थंडीपेक्षा मोठा शत्रू स्कर्व्ही हा रोग ठरला. खारवलेले मांस, वाळलेला पाव आणि कडधान्य यांवर राहणाऱ्या वसाहतवाल्यांच्या हिरड्या सुजू लागल्या, दात हलू लागले, पायांतील बळ गेले. शेजारचे इनुइट मात्र ठणठणीत होते. ताजे, अनेकदा कच्चे मांस आणि देवमाशाची कातडी त्यांच्या आहारात असे आणि त्यातून त्यांना क जीवनसत्त्व मिळत असे. हे कारण विज्ञानाला विसाव्या शतकात उमगले. १७२१ च्या हिवाळ्यात मात्र औषध शेजारच्या घरात होते आणि रोगी आपल्या घरात मरणाची वाट पाहत होते.

१७२२ चा वसंत उजाडला तरी मदतीचे जहाज येईना. माणसांनी परत जाण्याचा हट्ट धरला. एगेदे यांचाही धीर सुटला आणि त्यांनी निघण्यास संमती दिली. मात्र गर्ट्रूड यांनी सामान बांधण्यास नकार दिला. जहाज येईल, यावर त्या ठाम राहिल्या. जून महिन्यात खरोखरच जहाज आले. ग्रीनलंडमधील हे मिशन टिकले ते त्यांच्या या निर्धारामुळे, असे एगेदे यांचे चरित्रकार मानतात.

चरबीच्या दिव्यांची घरे

धर्मप्रचारकाला हिवाळा म्हणजे अडथळा, असे कोणालाही वाटेल. ग्रीनलंडमध्ये स्थिती उलट होती. उन्हाळ्यात इनुइट कुटुंबे तंबू घेऊन शिकारीसाठी दूरदूर पांगत. स्त्रिया वल्हवीत असलेल्या उमियाक या मोठ्या होड्यांतून अख्खे घर हलत असे. त्या दिवसांत उपदेश ऐकायला माणूस सापडणे कठीण. शरद ऋतूच्या अखेरीस मात्र सारे परत येत आणि हिवाळी घरांत एकत्र राहत. म्हणूनच हिवाळा हाच एगेदे यांच्या कामाचा हंगाम ठरला.

या भागात कुत्र्यांच्या घसरगाड्या वापरात नव्हत्या. समुद्र बराचसा खुला राहत असल्याने प्रवास होडीनेच करावा लागे. उडणारे पाणी कपड्यांवर पडताच गोठे. दिवसाचा उजेड संपण्यापूर्वी पुढची वस्ती गाठली नाही, तर रात्र उघड्या खडकावर काढावी लागे. नॉर्वेहून आणलेले लोकरी कपडे येथे अपुरे पडले. सीलच्या आणि रेनडिअरच्या कातड्याचे कपडे वापरण्यावाचून पाहुण्यांना गत्यंतर नव्हते.

हिवाळी घर दगडमातीचे आणि अर्धे जमिनीत असे. आत जाण्याचा मार्ग म्हणजे एक लांब, बुटके भुयार. ते घराच्या जमिनीपेक्षा खोल असे, त्यामुळे जड थंड हवा तेथेच अडून राही. माणसाला वाकून, प्रसंगी रांगत आत शिरावे लागे. खिडकीला काचेऐवजी सीलच्या आतड्याचे शिवलेले पडदे असत. मागच्या भिंतीलगत लाकडी ओटा आणि त्यावर कुटुंबांच्या बसण्या-झोपण्याच्या जागा ठरलेल्या. प्रत्येक कुटुंबाचा शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरलेला वेगळा दिवा असे. त्यात सीलची चरबी आणि वाळलेल्या शेवाळाची वात. याच दिव्यावर भांडे टांगून मांस शिजे, वरच्या मांडणीवर ओले कपडे वाळत आणि घरही उबदार राही. दिव्याची ज्योत सांभाळणे हे स्त्रियांचे कौशल्याचे काम होते.

आत इतकी ऊब असे की माणसे बहुतेक कपडे उतरवून बसत. बाहेरच्या कडाक्यातून आलेल्या एगेदे यांना प्रथम जाणवे तो उष्मा आणि चरबी, कातडी व मांस यांचा उग्र दर्प. आपल्या लिखाणात त्यांनी ही अस्वस्थता लपवलेली नाही. तरीही ते पुन्हा पुन्हा तेथे गेले. आपल्या माणसांपैकी एकाला त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात इनुइटांबरोबर राहण्यास धाडले होते. पुढे मुलांना बरोबर घेऊन ते स्वतः राहिले. युरोपीय घरात सरपणाची चणचण भासत असताना ज्यांना अडाणी समजले जात होते, त्या लोकांनी त्याच थंडीवर अतिशय विचारपूर्वक मात केली होती. एगेदे यांनी ही घरे, कपडे, कयाक, शिकारीची हत्यारे आणि खेळ यांचे जे बारकाईने वर्णन केले, ते अठराव्या शतकातील ग्रीनलंडच्या अभ्यासाचा आज मोलाचा आधार आहे.

शब्दांचा शोध

भाषा ही खरी कसोटी होती. कलाल्लिसूत भाषेत एका शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय जोडले जातात आणि एक शब्द अख्ख्या वाक्याचे काम करतो. कोश नाही, व्याकरण नाही, दुभाषा नाही. वस्तूकडे बोट दाखवून हे काय, असे विचारण्याचा शब्द एगेदे प्रथम शिकले आणि त्या एका शब्दाच्या बळावर त्यांनी वह्या भरण्यास सुरुवात केली. वयाची पस्तिशी उलटलेल्या माणसाला हे जड जात होते. त्यांची मुले मात्र इनुइट मुलांबरोबर खेळता खेळता भाषा उचलत होती. थोरला मुलगा पॉल लवकरच वडिलांचा दुभाषा झाला. शब्द अपुरे पडत तेव्हा तो बायबलमधील प्रसंगांची चित्रे काढी आणि ती दाखवून एगेदे कथा सांगत.

अडचण केवळ शब्दांची नव्हती. द्राक्षमळा, मेंढपाळ, कोकरू, पेरणी, कापणी यांतले काहीच येथे नव्हते. पावाचा तुकडा कोणी पाहिलेला नव्हता. त्यामुळे रोजच्या भाकरीसाठी असलेल्या ख्रिस्ती प्रार्थनेत एगेदे यांनी भाकरीच्या जागी सील घातला, असे सांगितले जाते. देव या कल्पनेसाठी डॅनिश शब्दच घ्यावा लागला. त्यापासून झालेला गुटी हा शब्द ग्रीनलंडमध्ये आजही रूढ आहे. स्वर्ग-नरकाच्या दिशांचाही गोंधळ होता. ग्रीनलंडच्या जुन्या समजुतीनुसार मृतांचे सुखाचे ठिकाण जमिनीखाली, समुद्राच्या पोटात असे. तेथे ऊब आणि भरपूर शिकार. वर आकाशात मात्र थंडी आणि उपासमार. वर सुख आणि खाली यातना, ही मांडणी श्रोत्यांना विपरीत वाटली तर नवल नव्हते. आकाशात नाचणारा उत्तरध्रुवीय प्रकाश म्हणजे चेंडू खेळणारे मृतात्मे, अशीही श्रद्धा होती.

लोक ऐकत, प्रश्न विचारत, कधी हसत. एगेदे आजाऱ्यांवर उपचार आणि प्रार्थना करत, म्हणून अनेकांनी त्यांनाच एक मोठा अंगाक्कोक मानले. एगेदे यांना मात्र खऱ्या अंगाक्कोकांशी तडजोड मान्य नव्हती. त्यांचे विधी म्हणजे फसवणूक आहे, असे ते उघडपणे सांगत. प्रसंगी त्यांनी धाकदपटशा केला, हातही उगारला. याची कबुली त्यांच्याच रोजनिशीत मिळते. ढोलाच्या तालावर गाण्यातून भांडणे मिटवण्याची इनुइटांची रीत रक्तपात टाळणारी होती; पण ढोलावरची ही गाणी मिशनला रुचली नाहीत आणि पुढील काळात ती मागे पडत गेली. लोकांच्या दिव्याजवळ बसून त्यांची भाषा शिकणारा हाच माणूस त्यांच्या समजुती मोडायला निघाला होता.

हिवाळ्यातील कामाला उन्हाळ्यातील शोधमोहिमांची जोड होती. १७२३ मध्ये एगेदे होडीने दक्षिणेस गेले. नॉर्स लोकांच्या घरांचे आणि चर्चचे अवशेष त्यांनी पाहिले. ओसाड भिंतींखेरीज तेथे काही नव्हते. पूर्वेकडील मुख्य वस्ती बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर असावी, असा त्या काळचा समज होता. त्यामुळे आपण तीच वस्ती पाहत आहोत, हे त्यांच्या लक्षात आले नाही. १७२४ मध्ये त्यांनी पहिल्या इनुइट मुलांना बाप्तिस्मा दिला. हरवलेल्या बांधवांचा शोध मागे पडला आणि समोर असलेल्या माणसांचे काम हेच त्यांचे आयुष्य झाले.

घोडे, सैनिक आणि राजाज्ञा

व्यापारात नफा होत नव्हता. डच व्यापारी अधिक चांगला माल देत आणि किनाऱ्यावरची चरबी घेऊन जात. कंपनी बुडाली, तेव्हा राजाने सूत्रे हाती घेतली. १७२८ मध्ये मेजर क्लाउस पार्स याच्या नेतृत्वाखाली जहाजे आली. वसाहत बेटावरून मुख्य भूमीवर हलवण्यात आली आणि तिला गॉटहॉब, म्हणजे शुभ आशा, असे नाव मिळाले. आजचे नूक ते हेच. त्या वर्षी बांधलेले एगेदे यांचे घर आजही उभे आहे.

या मोहिमेत सैनिक होते, तोफा होत्या, तसेच तुरुंगातून सोडलेली माणसेही होती. वसाहत वाढावी म्हणून कैदी पुरुष आणि कैदी स्त्रिया यांची लग्ने लावून त्यांना पाठवण्यात आले होते. हिमस्तरावरून पूर्व किनारा गाठण्यासाठी चक्क घोडे आणले होते. त्यातले एकही त्या कामी आले नाही, सारे मेले. हिवाळ्यात स्कर्व्हीने पुन्हा घाला घातला आणि सुमारे ४० माणसे दगावली. शिस्त मोडली, बंडाची भाषा सुरू झाली. इतके सैनिक आणि इतके मृत्यू पाहून इनुइट कुटुंबेही तेथून दूर निघून गेली.

१७३० मध्ये राजा चौथा फ्रेडरिक मरण पावला. गादीवर आलेल्या सहाव्या क्रिश्चनने खर्च थांबवण्याचे ठरवले. १७३१ मध्ये वसाहत गुंडाळण्याचा हुकूम आला. एगेदे यांना परतण्याची मुभा होती; राहायचे असल्यास स्वखुशीने आणि पुढील मदतीची हमी नसताना. आपण बाप्तिस्मा दिलेल्या मुलांना वाऱ्यावर सोडून जाणे त्यांना पटेना. गर्ट्रूड यांचाही आग्रह राहण्याचाच होता. जहाजे गेली आणि मागे राहिले एगेदे कुटुंब व सुमारे दहा खलाशी.

देवीची साथ

१७३३ मध्ये चांगली बातमी घेऊन जहाज आले. राजाने मिशनला वार्षिक २,००० रिक्सडॉलर मंजूर केले होते. त्याच जहाजातून हर्नहूट येथील मोरेव्हियन पंथाचे तीन धर्मोपदेशकही आले. त्यांचे आणि एगेदे यांचे धार्मिक बाबतीत पटले नाही आणि दोन्ही बाजूंनी कडवटपणा निर्माण झाला.

याच जहाजातून डेन्मार्कहून परतलेला एक ग्रीनलंडी मुलगाही आला. त्याच्याबरोबर देवीचा रोग आला होता. ग्रीनलंडच्या लोकांना हा रोग ठाऊक नव्हता. त्यांच्या शरीरात त्याविरुद्ध कसलीही प्रतिकारशक्ती नव्हती. जेन्नर यांची लस येण्यास अजून सहा दशकांहून अधिक काळ होता. जी हिवाळी घरे थंडीपासून माणसांना वाचवत होती, तीच आता रोगाला पोसू लागली. एका ओट्यावर दाटीने झोपणारी कुटुंबे एकापाठोपाठ एक आजारी पडली. शिकारी पडला की घरात अन्न येईना, चरबी संपली की दिवा विझे आणि दिवा विझला की उरलेले थंडीने मरत.

एगेदे होडीने वस्त्यांमागून वस्त्या फिरले. रुग्णांपासून दूर राहावे, ज्यांना लागण झालेली नाही त्यांनी एका जागी थांबावे, असे ते विनवत. पण भयाने माणसे पळत आणि रोग पुढच्या वस्तीत नेत. कित्येक घरांत त्यांना फक्त प्रेते आढळली. ती त्यांनी दगडांखाली पुरली. कोठे एखादे मूल जिवंत सापडे. एगेदे यांच्या घराचे रुग्णालय झाले. खोल्या, माजघर, जमीन, जेथे जागा मिळेल तेथे रुग्ण निजवले गेले आणि गर्ट्रूड त्यांची शुश्रूषा करत राहिल्या. मतभेद बाजूस ठेवून मोरेव्हियन मंडळींनीही रुग्णसेवा केली.

१७३३-३४ च्या साथीत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. आसपासच्या अनेक वस्त्या निर्मनुष्य झाल्या. तेरा वर्षे जोडलेली माणसे एगेदे यांच्या डोळ्यांदेखत गेली. ज्या जहाजांनी धर्म आणि मदत आणली, त्यांनीच हा रोगही आणला होता. हे सत्य एगेदे यांनाही टाळता आले नाही.

या सेवेत गर्ट्रूड यांची प्रकृती कायमची खालावली. १७३४ मध्ये थोरला मुलगा पॉल शिक्षण पूर्ण करून धर्मोपदेशक म्हणून परतला, हा त्यांना मोठा दिलासा होता. २१ डिसेंबर १७३५ रोजी, वर्षातल्या सर्वात लहान दिवसांच्या त्या आठवड्यात, गर्ट्रूड यांचे निधन झाले.

निरोप आणि वारसा

पत्नीच्या मृत्यूने एगेदे खचले. शरीरही साथ देत नव्हते. १७३६ च्या उन्हाळ्यात त्यांनी ग्रीनलंडमधील अखेरचे प्रवचन केले. त्यासाठी त्यांनी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील जे वचन निवडले, त्याचा आशय आपले श्रम वाया गेले असा होता. त्यानंतर गर्ट्रूड यांची शवपेटी घेऊन ते जहाजावर चढले. त्यांचे दफन कोपनहेगन येथे झाले. काम पॉल यांच्या हाती आले.

कोपनहेगनमध्ये एगेदे यांच्यावर ग्रीनलंडला जाणाऱ्या धर्मोपदेशकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सोपवण्यात आली. निघण्यापूर्वीच भाषा शिकून घ्यावी, यावर त्यांचा भर होता. पहिल्या हिवाळ्यात आपण बोट दाखवून गोळा केलेले शब्द पुढच्या पिढीला वर्गात मिळावेत, असा त्यांचा प्रयत्न होता. पुढे त्यांना ग्रीनलंडचे बिशप ही पदवी मिळाली. १७४१ मध्ये ग्रीनलंडचा निसर्ग आणि लोकजीवन यांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला; १७४५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. अखेरची वर्षे त्यांनी फाल्स्टर बेटावरील स्टुबेकोबिंग येथे काढली. ५ नोव्हेंबर १७५८ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी ते मरण पावले.

आपले श्रम वाया गेले, हा त्यांचा समज काळाने पूर्णपणे खरा ठरवला नाही. पॉल यांनी १७५० मध्ये ग्रीनलंडच्या भाषेचा कोश, १७६० मध्ये व्याकरण आणि १७६६ मध्ये नव्या कराराचा अनुवाद प्रसिद्ध केला. या कामात अर्नारसाक या ग्रीनलंडी स्त्रीचे मोठे साह्य झाले होते. धाकटा मुलगा नील्स याने १७५९ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ नाव दिलेली एक वसाहत उत्तरेकडे स्थापन केली. लेखी रूप मिळालेली भाषा पुढे ग्रीनलंडच्या लोकांनी स्वतःच्या कामासाठी वापरली. १८६१ मध्ये नूक येथून त्या भाषेत वृत्तपत्र निघू लागले. आज तीच ग्रीनलंडची राजभाषा आहे आणि बहुसंख्य लोक ल्युथरन पंथाचे आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मिशनच्या पावलांवर व्यापारी मक्तेदारी आली आणि तिच्यासोबत परकी सत्ता. वसाहत हा दर्जा १९५३ पर्यंत टिकला. १९७९ मध्ये गृहशासन आणि २००९ मध्ये अधिक व्यापक स्वशासन मिळाले. गॉटहॉब हे नाव मागे पडून नूक हे ग्रीनलंडी नाव रूढ झाले. ज्या ढोलाला मिशनने दूर लोटले, त्याच्या नृत्य-गायनाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आणि त्याच वर्षी ग्रीनलंडच्या पंतप्रधानपदी निवडून आलेल्या तरुण नेत्याचे आडनाव होते एगेदे. म्यूटे एगेदे यांनी २०२५ पर्यंत हे पद सांभाळले आणि स्वतंत्र ग्रीनलंडचा पुरस्कार केला.

२०२० च्या कौलात ज्यांनी पुतळा राखण्याच्या बाजूने मत दिले आणि ज्यांनी विरोधात दिले, त्या दोघांच्याही मनात याच पंधरा हिवाळ्यांच्या आठवणी होत्या. नूकमध्ये आजही डिसेंबरमध्ये चार तासांचा दिवस उगवतो आणि मावळतो. टेकडीवरच्या पुतळ्याखाली बंदराजवळच, १७२८ साली बांधलेले एगेदे यांचे घरही अजून उभे आहे.